आवाज ल्हान कर

आमच्या घरात रेडिओ मोठ्यानं लावायची पद्धत कधी पडलीच नाही. मी शाळेत होतो तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, गोव्यात, डिचोलीच्या बाजारात, क्रिकेटचं धावतं वर्णन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चालता चालता सलग ऐकता यायचं. आमच्याकडे मात्र रेडिओ ऐकायचा तर जवळ जाऊन बसावं लागे. कुणी आवाज जरा वाढवला की स्वयंपाकघरातून आजी म्हणायची, “आवाज ल्हान कर.” तिला त्रास व्हायचा म्हणून नव्हे, तिचे कान शेवटपर्यंत तल्लख होते. १९५५ सालापासून ती हेच म्हणत आली होती. ज्या कारणानं म्हणू लागली ते कारण १९६१ साली संपलं, तरी ते वाक्य तिच्या जिभेवरून उतरलं नाही.

रेडिओ आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५३ साली म्हापशाहून आणला होता. आबांचं कापडाचं दुकान. त्या वर्षांत खाणी जोरात सुरू झाल्या होत्या, डिचोलीच्या बाजारात पैसा खेळू लागला होता, आणि पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात परदेशी वस्तू सहज मिळायच्या. फिलिप्सचा बॅटरीवरचा सेट होता तो. आमच्या वाड्यावर वीज नव्हती, म्हणून बाजूला विटेपेक्षा मोठी कोरडी बॅटरी, जाड पुठ्ठ्यात बांधलेली. ती महाग असायची. म्हणून रेडिओ दिवसभर चालू ठेवायचा प्रश्नच नव्हता. ठरलेल्या वेळी लावायचा, ऐकायचं ते ऐकायचं, बंद करायचा, आणि वर आजीनं विणलेला रुमाल टाकायचा.

एरियलची तांब्याची तार कौलांवरून परसातल्या माडापर्यंत ताणलेली होती. दुसरी तार, अर्थिंगची, खिडकीतून खाली उतरून अंगणात तुळशीपाशी जमिनीत पुरली होती. ती तिथं का, तर अंगणातली तेवढीच माती बारमाही ओली असायची. बाबा सांगतात, एप्रिल-मे महिन्यांत रेडिओची खरखर वाढली की आबा आजीला हाक मारत, आणि आजी संध्याकाळची वाट न पाहता तांब्याभर पाणी तुळशीत ओतून येई. ओल्या मातीत तार चांगली भिनते आणि आवाज स्वच्छ होतो, यामागं साधं विज्ञान आहे. घरात मात्र ते तुळशीच्या नावावर जमा होतं. मला आजही त्यात काही खोटं वाटत नाही.

रेडिओ आणला तेव्हा ऐकायचं काय, हा प्रश्न वेगळाच होता. गोव्यात स्वतःचं केंद्र होतं. एमिसोरा द गोवा १९४६ च्या मे महिन्यात सुरू झालं. पुढच्याच महिन्यात, १८ जूनला, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. एकाच पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात दोन आवाज उठले, एक सरकारी केंद्रातून आणि दुसरा भर पावसात मैदानातून. पहिल्यामागे सगळी यंत्रणा होती. दुसऱ्याला पकडून हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आलं.

एमिसोरा वाईट केंद्र होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यावर पोर्तुगीज असे, कोंकणी असे, मराठीही असे. संगीत उत्तम असे. ख्रिस्ती घरांतली मांडो-दुलपदं असत, हिंदी सिनेमातली गाणीही वाजत. पण बातमी म्हणून जे काही असे ते लिस्बनच्या मर्जीचं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत छापून येणारा प्रत्येक शब्द आधी सेन्सॉरच्या टेबलावरून जाई. लग्नपत्रिकासुद्धा. आबांच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मंजुरीसाठी दाखवून आणावी लागली होती, हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. पुढं गोव्याचा इतिहास वाचू लागलो आणि कळलं की तो तर सरसकट नियम होता.

जिथं लग्नपत्रिका तपासली जाते, तिथं हवेतून थेट घरात येणारा आवाज किती मोठी गोष्ट असेल, ह्याचा अंदाज आज बांधता येत नाही. सरहद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर माणूस अडवता येतो, त्याच्या पिशवीतलं वर्तमानपत्र काढून घेता येतं. मुंबई केंद्राचा कार्यक्रम अडवता येत नाही. दिवसा मध्यम लहरींवर तो क्षीण लागे. रात्र पडली की वातावरणाचा वरचा थर त्या लहरी परतवून दूरवर फेकतो, आणि मुंबई शेजारच्या घरात बोलते आहे असं वाटावं इतकी जवळ येई. धारवाड केंद्र १९५० पासून होतं, ते त्याहून सहज लागे. पुणे केंद्र १९५३ चं, आमच्या रेडिओच्याच वयाचं.

आजीला ह्यातलं मुंबई केंद्र हवं असे. तिचा धाकटा भाऊ बाबुली गिरगावात राहायचा, छापखान्यात कामाला होता. १९५४ पासून भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी सुरू केली. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रही चारी बाजूंनी गोव्यात शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्यानंतर उरलेसुरले मार्गही बंद झाले. रेल्वे थांबली. बाबुलीला गणेश चतुर्थीला येता येईना. पत्रं उघडून वाचलेली मिळत, उशिरा मिळत, कधी मिळतच नसत. चवथ आजीसाठी वर्षाचं केंद्र होतं, माहेरच्या माणसाशिवाय ती तिला चवथच वाटत नसे. त्या वर्षी आरत्या झाल्यावर तिनं आबांना रेडिओ लावायला सांगितला. मुंबई केंद्रावर काय चाललं होतं ते तिला आठवत नव्हतं. ती एवढंच सांगायची की निवेदकानं घड्याळात किती वाजले ते सांगितलं आणि तिच्या मनात आलं, आत्ता, ह्याच क्षणी, हाच आवाज बाबुलीच्या कानावर पडत असेल.

रेडिओबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यानं देश जोडला, भाषा घडवली, गाणी घरोघर नेली, हे सगळं खरं आहे. पण मला वाटतं रेडिओनं माणसाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आजीला त्या रात्री मिळाली. पत्र लिहिलं जातं तेव्हा एक वेळ असते, वाचलं जातं तेव्हा दुसरी. रेडिओनं पहिल्यांदा दोन घरांना एकच क्षण दिला, आणि मधे बंदुका घेतलेले शिपाई उभे असतानाही दिला.

आणि त्या आवाजांत आपलीच माणसं होती. बोरीचे कवी बाकीबाब बोरकर शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत उतरले होते. ते १९५५ च्या नोव्हेंबरात पुणे आकाशवाणीवर रुजू झाले. मंगेशीचे गायक जितेंद्र अभिषेकी त्या काळात मुंबई आकाशवाणीत काही वर्षं होते, तिथल्या कार्यक्रमांना चाली देत होते. ही माणसं गोव्याबाहेर होती, पण बोलत, गात होती ते गोव्याच्या ओट्यावर ऐकू येत होतं. त्या दहा वर्षांतला गोव्यातला रेडिओ मला ह्यासाठी वेगळा वाटतो. बाकी ठिकाणी रेडिओनं दूरचं जग घरात आणलं. आमच्याकडे त्यानं घरातून गेलेल्यांना घरी आणलं.

ह्या गेलेल्यांत आणखी एक मोठा घोळका होता, त्याच्याबद्दल बोलताना मला नेहमी सावकाश बोलावंसं वाटतं. गोव्याच्या देवळांतून गाणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या बायका. त्यांच्या गाण्यावर अख्खा हिंदुस्थान जीव टाकत होता आणि त्यांच्या गावात त्यांना पंगतीत बसवत नव्हते. त्या मुंबईला गेल्या, तालमी घेतल्या, मोठ्या झाल्या. आकाशवाणीनंही त्यांच्या जातीच्या बायकांशी सुरुवातीला काही बरं केलं नाही. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात, ज्यांचं खासगी आयुष्य बदनामीचं समजलं जाई अशा गायिकांना दार बंद करण्याचं धोरण आलं होतं. बदनामी कुणी केली, हे विचारायला मात्र कुणी बसलं नाही. तरीही पुढं बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, १९५२ साली शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शास्त्रीय संगीताचा वाटा खूप वाढला, आणि कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर आकाशवाणीवरून आमच्या माजघरात आल्या. आमच्या आबांनी, जे देवळाच्या उत्सवात पहिल्या रांगेत बसून गाणं ऐकत आणि घरी आल्यावर त्याबद्दल एक शब्दही बोलत नसत, त्या आबांनी आजीला आणि माझ्या पणजीला हाक मारून शेजारी बसवलं. देवळातल्या मांडवात ह्या दोघींना कधी पुढं बसायला मिळालं नव्हतं. मोगूबाईंचं गाणं आणि आमच्या घरातल्या बायका हे पहिल्यांदा एका खोलीत आले ते रेडिओमुळे. (आजीला एकच चुकल्यासारखं वाटे, ते म्हणजे पेटी. हार्मोनियमला आकाशवाणीनं १९४० पासून बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. आमच्याकडे भजनाला पेटी नसली तर भजन उभंच राहत नाही, त्यामुळे तिला ते गाणं ऐन भरात अर्धं मोकळं वाटत राही.)

आज कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा देवळाचे अवशेष वर येतात आणि गावची माणसं तिथं जमतात. मोगूबाईंचं आकाशवाणीवरचं ध्वनिमुद्रण ऐकताना मला ते पाणी दिसतं.

केसकरांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली, हा भाग सर्वांना माहीत आहे. तो निर्णय मला चुकीचा वाटतो. लोकांना काय आवडावं हे ठरवायला गेलं की लोक दुसरीकडे कान लावतात. ते तसे रेडिओ सिलोनकडे गेले. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आला की आमचे बाबा, तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, अभ्यासाची पाटी खाली ठेवत. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली ती ह्या गेलेल्या श्रोत्यांना परत आणण्यासाठीच. ह्याबद्दल एवढंच पुरे, कारण आमच्या घरच्या रेडिओची खरी गोष्ट त्याच वर्षांत सुईच्या दुसऱ्या टोकाला घडत होती.

२५ नोव्हेंबर १९५५. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीच्या जंगलातून एक नवीन केंद्र सुरू झालं. पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ द लिबर्दाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. चालवणारे दोघं, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिसही त्यांच्यासोबत होते. ट्रकवर बसवलेला ट्रान्समीटर, अवतीभवती दाट रान. आंबोलीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला त्या माणसांनी तिथं काय काढलं असेल ते सांगायला नको. चार महिने ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, कागद हातात लगदा होतो. आणि त्या ओल्या कागदांवर रोज लिहायचं, पोर्तुगीज सरकार काय सांगतंय ते ऐकायचं, त्याचं उत्तर तयार करायचं, भाषांतर करायचं, वाचायचं. पुढं हे केंद्र सरहद्दीवरच्या कॅसलरॉकला गेलं. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत सहा वर्षं ते चाललं. लिबियाबाई पुढं वकील झाल्या, गोव्याच्या पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक झाल्या. २०२५ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री मिळाली. वामनराव १९९४ मध्येच गेले होते.

आबांना हे केंद्र सापडलं ते दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. त्यानं कापड मोजून घेतलं, पैसे दिले आणि जाता जाता काट्याची जागा सांगितली. रेडिओच्या काचेवर कुठल्या आकड्याच्या किती बोटं डावीकडे, इतकंच. त्या दिवसापासून आमच्या घरात एक क्रम ठरला. पुढचं दार लावायचं. रस्त्याकडची खिडकी लावायची, पण पूर्ण नाही, कारण भरदिवसा बंद खिडकीही बोलते. बाबांना ओट्यावर गोट्या घेऊन बसवायचं. आबा आणि आजी रेडिओपाशी, कान जवळजवळ जाळीला लागलेले. “आवाज ल्हान कर,” आजी म्हणायची. आबा बटण इतकं मागं फिरवत की माणसाचा आवाज आणि खरखर यांत फरक कळेनासा होई. आणि कार्यक्रम संपला की सेट बंद करण्याआधी आबा एक गोष्ट न चुकता करत. काटा परत एमिसोरावर आणून ठेवत.

रेडिओ बाळगणं हा गुन्हा नव्हता. एरियलची तार कुणालाही दिसत होती. पण झडती झाली आणि कुणी बटण फिरवलं तर? काटा कुठं उभा आहे यावरून माणसाची बाजू कळत होती. बाबांनी हे मला दाखवलं होतं, त्या सेटवर, अंगठा आणि तर्जनीत बटण धरून. डावीकडून उजवीकडे, सावकाश, घड्याळाला किल्ली दिल्यासारखं. मध्ये एके ठिकाणी बोटं थबकायची. “हांगा,” ते म्हणायचे, इथं. तिथं आता काहीच लागत नव्हतं. तरी बोटांना ती जागा पाठ होती.

आजीला त्या केंद्राबद्दल सर्वांत नवल वाटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. बातम्या कोंकणीत होत्या. आमच्या घरात कोंकणी बोलायची, मराठी लिहायची. हिशेब मराठीत, पत्र मराठीत, पोथी मराठीत, भजन मराठीत. गोव्यातल्या हिंदूंनी मराठी शाळा स्वतःच्या वर्गणीतून चालवल्या त्या ह्याच ओढीनं, आणि त्या मराठीनं आम्हाला वाचायला, विचार करायला शिकवलं. तिचं ऋण माझ्यावर इतकं आहे की हा लेखही मी तिच्यातच लिहितो आहे. पण मासळीचा भाव करायची, पोराला रागवायची, चुलीपाशी बोलायची जी भाषा, त्या भाषेत कुणी संयुक्त राष्ट्रसंघाबद्दल बोलतंय, सालाझारला उत्तर देतंय, हे आजीनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणायची, तेव्हा तिला वाटलं की रेडिओतली बाई तिच्याशीच बोलते आहे, आबांशी नव्हे. भाषेच्या वादांत पुढं गोव्यात घरं दुभंगली. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या पुष्कळ विद्वानांचं मी वाचलं, पण आजीच्या ह्या एका वाक्याइतकं मला काहीच पटलं नाही. आमच्या रेडिओच्या काचेवर तीन भाषा शेजारी शेजारी राहत होत्या. एमिसोराची पोर्तुगीज, मुंबईची मराठी, जंगलातली कोंकणी. बोटभर अंतरानं.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे डिचोलीचा पूल पोर्तुगीजांनी उडवला. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. स्फोटानं भांडी फळीवरून पडली, पणजी देवासमोर जाऊन बसली. उजाडल्यावर आबांनी रेडिओ लावला. काटा नेहमीसारखा एमिसोरावर होता. काहीच नाही. नुसती खरखर. त्या सकाळी भारतीय विमानदलाच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला चढवला होता, पण हे घरात नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की जो आवाज रोज होता तो नाही. आबांनी काटा हलवला आणि ठरलेल्या जागी आणला. आणि त्या दिवशी आजी काहीच बोलली नाही, असं बाबा सांगतात. आवाज कमी कर म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत गेली. मग वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानात बसले, विमानाला कर्णे लावले होते, आणि गोव्यावरून घिरट्या घालत त्यांनी पोर्तुगीज आणि कोंकणीतून लोकांना सांगितलं की गोवा मुक्त झाला. डिचोलीवरून ते विमान गेलं की नाही, बाबांना खात्रीनं सांगता येत नाही. एक विमान खालून गेलं, त्यातून काहीतरी आवाज येत होता, सगळे रस्त्यावर आले होते, इतकं त्यांना आठवतं. मला ते चित्र पुरेसं आहे. सहा वर्षं जो आवाज दार लावून, श्वास रोखून, जाळीला कान लावून ऐकला, तो उघड्या आभाळातून सगळ्या गावावर एकदम पडला.

मुक्तीनंतर पणजी शहरात आकाशवाणी आली. पोस्टातून रेडिओचा परवाना काढायचा, त्याच्या लहानशा पुस्तिकेत दरवर्षी तिकिटं लावून घ्यायची, हा भारतातला नियम गोव्यालाही लागू झाला. ऐंशीच्या दशकात परवाना रद्द होईपर्यंत आबांनी तो एकदाही चुकवला नाही. ती पुस्तिका ट्रंकेत घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेली होती. त्यांना तो कर वाटलाच नसावा. आपण काय ऐकतो ते कागदावर लिहून, शिक्का मारून देणारं सरकार त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

१९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. आबांनी विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला, बाबांनी वेगळं राहण्याच्या दोन पानांवर. ३४,०२१ मतांच्या फरकानं विलीनीकरण नाकारलं गेलं, आणि तो आकडा बापलेकांनी त्याच सेटसमोर शेजारी बसून ऐकला. आबा उठून दुकानात गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांनी स्वतःहून रेडिओ लावला आणि बाबांना बसायला सांगितलं. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत, पण एकत्र ऐकणं थांबलं नाही.

तो सेट आता घरात आहे आणि नाही. दहाएक वर्षांपूर्वी मी तो दुरुस्तीला दिला. जुने रेडिओ दुरुस्त करून देतो असं सांगणाऱ्या एकानं तो आतून पूर्ण रिकामा केला, व्हॉल्व्ह, कॉइल, काट्याचा दोरा सगळं काढलं, आणि आत ब्लूटूथ बसवून परत दिला. बाहेरून चकचकीत पॉलिश. मला बोलताही येईना. बाबांनी बटण धरून फिरवलं, ते मोकळंच फिरलं, काटा जागचा हलला नाही. त्यांनी हात काढून घेतला. त्यानंतर त्यांनी त्या सेटला पुन्हा हात लावला नाही.

पण एक वस्तू शाबूत आहे. बाबांची शाळेची वही, निळ्या पुठ्ठ्याची. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवीन गाणं. त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे गाणी छप्पन्न झाली, आणि १९५६ च्या एप्रिलपर्यंत ती मालिका चालली. महाराष्ट्रात लोक ती गाणी वर्तमानपत्रात छापून आलेली बघून उतरवून घेत. आमच्याकडे ते वर्तमानपत्र येत नव्हतं. म्हणून अकरा वर्षांचे बाबा सकाळी पाटावर वही घेऊन बसत आणि कानावर पडेल तसं लिहीत. पुण्याचं केंद्र दिवसा डिचोलीत लागायचं म्हणजे नशीब. एक ओळ स्पष्ट, दुसरी खरखरीत बुडालेली. जिथं शब्द ऐकू आला नाही तिथं बाबांनी रेघ ओढून जागा सोडली आहे. काही पानांवर शब्दांपेक्षा रेघा जास्त आहेत. काही ठिकाणी अंदाजानं लिहिलेला शब्द चुकीचा आहे, पण वृत्तात बसतो.

मुक्तीनंतर पुस्तक सहज मिळू लागलं. बाबांनी ते घेतलं आणि वही उघडून एकेक रेघ भरायला बसले. निळ्या शाईच्या ओळींत काळ्या शाईचे शब्द. मधल्या सहा-सात वर्षांत त्यांचं अक्षर बदललं होतं, लहान मुलाचं गोल अक्षर आणि तरुणाचं तिरपं अक्षर एकाच ओळीत आहे. मी ती वही चाळतो तेव्हा गाणं वाचतच नाही. शाई बदलते तिथं थांबतो.

शेवटच्या काही पानांवर रेघा तशाच मोकळ्या आहेत. गेल्या चवथीला मी बाबांना विचारलं, ह्या का नाही भरल्या, पुस्तक तर हातात होतं. ते आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, कमी ऐकू येतं. मी प्रश्न दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारला. त्यांनी वही जवळ ओढली, एका रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “जितलें आयकूंक आयलें तितलेंच बरयलें.” जितकं ऐकू आलं तितकंच लिहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून हातानं खूण केली, हळू बोल म्हणून.